नाकाबंदीत ९२ रीडिंग आलं तरी नवरा म्हणतो “दोनच पेग होते”, मी काय करू?

पत्र: ताई, माझं वय ३१, नवरा ३५, मुलगी पाच वर्षांची. आम्ही रावेतला राहतो, नवरा हिंजवडीत आयटीत आहे. दर शनिवारी कॉलेजच्या मित्रांबरोबर बाणेरला बसणं होतं आणि येताना गाडी स्वतःच चालवतो. दोन महिन्यांपूर्वी रात्री साडेबाराला नाकाबंदीत सापडला, दारू तपासायच्या मशीनवर ९२ आलं. गाडी ठेवून घेतली, लायसन्स घेतलं, दुसऱ्या दिवशी दीर जाऊन गाडी घेऊन आले. आता लायसन्स तीन महिने सस्पेंड केल्याचं आरटीओचं पत्र आलंय आणि कोर्टाची तारीख पुढच्या महिन्यात आहे. तो म्हणतो दोनच पेग घेतले होते, बारा वर्षांत गाडीला ओरखडा नाही, पकडलं हे बॅडलक. मित्र म्हणतात दहा हजार भर आणि विसर, पोर्शेवाला निबंध लिहून सुटला, तुझं काय घेऊन बसलास. सासूबाई म्हणतात आठवड्यातून एकदा घेतो, मारझोड तर करत नाही ना. कार सध्या पार्किंगमध्येच आहे पण माझ्या नावावरची ॲक्टिव्हा घेऊन जातो, शनिवारीसुद्धा, आणि रविवारी सकाळी सातला मुलीला पुढे उभी करून स्विमिंगला नेतो. मी बोलले की चार दिवस अबोला. मी जास्त करतीये का? कोर्टात नेमकं काय होईल? त्याचं ऑनसाईटचं, म्हणजे कंपनीकडून परदेशी जायचं, चाललंय, त्यावर परिणाम होईल का?

उत्तर: अगं, तू अजिबात जास्त करत नाहीयेस. उलट मला तुझं पत्र वाचताना सारखं वाटत होतं की ही पोरगी एवढं सगळं दिसत असूनही स्वतःवरच शंका घेतीये, कारण घरात तिच्या बाजूने बोलणारं एकही माणूस नाही. म्हणून आधी तेच सांगते, तुला जी भीती वाटतीये ती खरी आहे.

बाकीचं सगळं नंतर, पहिलं ॲक्टिव्हाचं बघ कारण ते आजचं आहे. लायसन्स सस्पेंड असताना गाडी चालवणं हा वेगळा गुन्हा आहे, मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२ खाली, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. आणि ज्याच्याकडे चालू लायसन्स नाही त्याला आपली गाडी चालवू दिली म्हणून गाडीच्या मालकावर कलम १८० लागतं, तिथे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० दंड. मालक म्हणजे तू. आरसी तुझ्या नावावर आहे आणि लायसन्स सस्पेंड झाल्याचं तुला माहिती आहे, तसं तू मला लिहूनच पाठवलंयस. त्याने ॲक्टिव्हावर कुणाला उडवलं तर पोलीस आणि इन्शुरन्सवाले दोघंही तुझ्या दारात येतील. म्हणून ती चावी दाराच्या मागच्या स्टँडवर लटकवायची नाही, दुसरी चावीसुद्धा शोधून काढ आणि दोन्ही तुझ्याकडे ठेव. आणि पाच वर्षांच्या मुलीला टू-व्हीलरवर हेल्मेट कायद्यानेच लागतं, चार वर्षांच्या वरच्या प्रत्येकाला लागतं, गाडी कोणीही चालवत असो. आपल्याकडे लहान मुलांना पुढे तसंच उभं करतात, हँडलला धरून, आणि सगळ्यांना ते गोड वाटतं. मला बघवत नाही.

आता ते ९२, म्हणजे १०० मिली रक्तात ९२ मिलिग्रॅम अल्कोहोल. तो म्हणतो दोन पेग, तर हा हिशोब एकदा नीट करून बघू. आपल्याकडच्या व्हिस्की-रमच्या बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे ३० मिलीच्या लहान पेगमध्ये साधारण १० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल आणि ६० च्या मोठ्या पेगमध्ये २०. सत्तर किलोच्या पुरुषाने उपाशीपोटी एक मोठा पेग पटकन घेतला तर १०० मिली रक्तात ४० मिलिग्रॅमच्या आसपास जातं, आणि कायद्याची मर्यादा आहे ३०. म्हणजे बऱ्याच जणांच्या बाबतीत एका मोठ्या पेगलाच मर्यादा संपते, “थोडीशी घेतली” हा प्रकार कायद्यात फारसा उरतच नाही. दोन मोठे पेग एका दमात प्यायले तरी आकडा ८०-८५ च्या वर जायला नको, आणि हे लोक तर तीन-चार तास बसलेले असतात, तेवढ्या वेळात लिव्हर तासाला साधारण १५ मिलिग्रॅम कमी करत असतं. तरीही साडेबाराला ९२ आलं म्हणजे त्या रात्री अख्ख्या क्वार्टरच्या, म्हणजे १८० मिलीच्या बाटलीच्या, आसपास गेलेली होती. तो तुझ्याशी मुद्दाम खोटं बोलतोय असं मी म्हणणार नाही, प्यायलेल्या माणसाला खरंच पेग मोजता येत नाहीत आणि मित्र ग्लास भरत असतात. पण ज्याला पेग मोजता येत नाहीत तोच सांगतोय की मला कंट्रोल आहे, हे त्याच्यासमोर ठेव. बीअरवाल्यांनीही खुश होऊ नये, ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बीअर म्हणजे चार लहान पेग.

आणि हाच हिशोब रविवारी सकाळला लाव, कारण पत्रातलं ते एक वाक्य मी तीनदा वाचलं. साडेबाराला ९२ असेल तर ३० च्या खाली यायला पहाटेचे साडेचार वाजतात आणि शून्याच्या जवळ यायला साडेसहा. आणि ज्या रात्री तो दोनला येतो आणि जास्त झालेली असते, समजा १४० असेल, त्या दिवशी सकाळी सातला रक्तात अजून ६५ शिल्लक आहे. अंघोळ केलेली, चहा घेतलेला, दात घासलेला, दिसायला एकदम फ्रेश, आणि कायद्याच्या मर्यादेच्या दुप्पट. पुढे पोरगी उभी. लिंबूपाणी, दही, ब्लॅक कॉफी, गार पाण्याची अंघोळ, यांनी झोप उडेल पण लिव्हरचा स्पीड वाढत नाही, तिथे फक्त वेळच काम करतो. झोप अर्धवट झालेली असते ते वेगळंच. तेव्हा रविवारी मुलीला तू ने किंवा रिक्षाने जा, नाहीतर क्लास संध्याकाळचा करून घे, पण शनिवारी बसणं आणि रविवारी सातला गाडी हे दोन्ही एका माणसाने करायचं नाही.

“बारा वर्षांत ओरखडा नाही” याचं उत्तर मी तुला माझ्या घरातलं देते.

माझा आतेभाऊ, २००९ ची जानेवारी, ऊसाचा सीझन. गावातल्या एका हळदीवरून दोघं मित्र बाईकवर परत येत होते, माझा भाऊ चालवत होता. रोजचा रस्ता, डोळे मिटून येईल असा, आणि त्यानेही कधीच कुणाला धक्का लावलेला नव्हता. ऊसाने भरलेली ट्रॉली रस्त्याच्या कडेला पंक्चर होऊन उभी होती, मागे ना लाइट ना रिफ्लेक्टर. शुद्धीत असलेल्या माणसालाही ती उशिराच दिसली असती, हे मी मान्य करते. पण ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटर जाते, ब्रेकवर पाय यायला अर्धा सेकंद उशीर झाला तर आठ मीटर गेले, म्हणजे दोन कारची लांबी. तेवढं अंतर त्या रात्री पाहिजे होतं. मित्र जागेवर गेला. भाऊ वाचला, मांडीत रॉड आहे.

मी तेव्हा हॉस्पिटलला गेले होते. नर्सने एका प्लास्टिकच्या पिशवीत त्या मुलाचे कपडे आणून दिले, घ्यायला तिथे तेव्हा त्याच्या घरचं कोणी पोचलं नव्हतं म्हणून माझ्याच हातात दिले. शर्टाच्या खांद्यावर हळदीची पाच बोटं उमटलेली होती, कुणीतरी मस्करीत पाठीमागून लावलेली. रक्त वाळून काळं पडलं होतं आणि हळद मात्र पिवळीधमक. त्याच्या आईने तो शर्ट धुतला नाही.

भावाची केस आठ वर्षं चालली, वकिलापायी अर्धा एकर गेला, शिक्षा भोगून आला. पण तो मला एकदा म्हणाला की जेल सोपा होता. कारण मित्राचं घर आमच्या आत्याच्या घरासमोर, मध्ये फक्त गल्ली. ती बाई आजही रोज संध्याकाळी तुळशीपुढे दिवा लावायला बाहेर येते आणि माझा भाऊ रोज त्या वेळेला मागच्या दाराने ओढ्याकडे निघून जातो. ती त्याला कधी एक शब्द बोललेली नाही. सोळा-सतरा वर्षं हे चाललंय. तुझ्या नवऱ्याला हे वाचायला दे, माझी काही हरकत नाही.

बरं, कोर्टाचं. पिऊन गाडी चालवण्याला मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ लागतं, पहिल्यांदा असेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. २०१९ मध्ये कायदा बदलला, त्याआधी हा दंड २,००० होता, म्हणून जुने लोक अजून “हजार-दोन हजारात सुटतो” असं सांगत फिरतात. हे हेल्मेटच्या चलनासारखं रस्त्यात भरून संपत नाही, मॅजिस्ट्रेटसमोर उभं राहावंच लागतं. पहिल्याच वेळी आणि ॲक्सिडेंट झालेला नसताना बहुतेक वेळा दंडावर निभावतं, मित्र तेवढं बरोबर सांगतायत. पण “विसर” हे चुकीचं सांगतायत. गुन्हा कबूल करून दंड भरला म्हणजे दोषी ठरल्याची नोंद झाली, आणि पुन्हा सापडला तर दुसऱ्या वेळेला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५,००० दंड किंवा दोन्ही. म्हणून कबूल करायचं का लढायचं हे मित्राच्या मित्राला न विचारता नीट वकिलाला विचारून ठरवा, आणि कोर्टाबाहेर “मी मॅनेज करतो” म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका. तारखेला न चुकता जायचं, गैरहजर राहिला तर वॉरंट निघतं.

पुढच्या वेळी फुंकणारच नाही, असंही मित्रांनी डोक्यात भरवलं असेल तर ते काढून टाक. नकार दिला तर पोलीस विना वॉरंट अटक करू शकतात, रक्ताची तपासणी होते, आणि सबळ कारण नसताना नकार देणं हेच कोर्टात त्याच्याविरुद्ध धरलं जातं. कांदा, पान, माउथवॉश यांचाही उपयोग नाही, मशीन तोंडाचा वास घेत नाही, फुफ्फुसातून आलेल्या हवेतलं अल्कोहोल मोजतं. आणि ते व्हॉट्सॲप ग्रुप, ज्यात शनिवारी रात्री “बालेवाडीला लागलीये, आतून या” असे मेसेज फिरतात, त्यात तुझा नवराही असणार. त्या मेसेजचा मला फार राग येतो. नाकाबंदी चुकवून आतल्या गल्लीतून येणारा माणूस शुद्धीवर येत नाही, तो फक्त जिथे लोक चालतात त्या रस्त्यावर येतो.

पोर्शेचं म्हणशील तर तुझ्याच शहरातली गोष्ट आहे, अर्धवट नको सांगू देऊ. १९ मे २०२४, कल्याणीनगर, २४ वर्षांचे दोन इंजिनिअर गेले, एक मुलगा, एक मुलगी. १७ वर्षांच्या पोराला ३०० शब्दांच्या निबंधाच्या अटीवर जामीन मिळाला हे खरं, आणि अख्खा महाराष्ट्र पेटून उठला हेही खरं. पण त्यापुढे काय झालं? रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपाखाली सरकारी हॉस्पिटलचे डॉक्टर पकडले गेले, पोराच्या आई-वडिलांना अटक झाली, महिनोन्‌महिने आत राहावं लागलं. याला सुटणं म्हणत असतील तर त्या मित्रांना विचार की त्यांना असं सुटायला आवडेल का. शिवाय तुझा नवरा १७ वर्षांचा नाहीये, त्याला बालन्याय मंडळ नाही, थेट कोर्ट.

मी त्याला त्यापेक्षा कार्टर रोडची केस वाचायला सांगेन. १२ नोव्हेंबर २००६ ची पहाट, वांद्र्याला फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर कार गेली, सात जण मेले, आठ जखमी. सेशन्स कोर्टाने सहा महिने दिले, हायकोर्टाने तीन वर्षं केली, आणि २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तीच कायम ठेवली. हायकोर्टाने त्याला नुसता निष्काळजीपणा मानला नाही, सदोष मनुष्यवध धरला, कारण एवढी पिऊन गाडी चालवली तर माणूस मरू शकतो हे चालवणाऱ्याला माहीत असतं. त्या चालकाच्या रक्तात किती निघालं होतं माहितीये? ११२. तुझ्या नवऱ्याचं ९२.

आता १ जुलै २०२४ पासून नवीन भारतीय न्याय संहिता आहे, तिच्यात निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आधी दोन होती, आणि सदोष मनुष्यवध लागला तर दहा वर्षांपर्यंत, गंभीर प्रकारात त्याहूनही जास्त.

पैशाची बाजू थोडक्यात सांगते, कारण घरच्यांना कधीकधी तीच पटकन कळते. प्यायलेला असताना ठोकली तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम कंपनी नाकारते, ब्रेथ टेस्ट झालेली नसली तरी इतर पुराव्यावरून नाकारू शकते असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये सांगितलंय. पॉलिसीत गाडीमालकाला स्वतःच्या मृत्यूसाठी जे १५ लाखांचं कव्हर असतं तेही नशेत असताना लागू होत नाही, म्हणजे तोच गेला तर तुला आणि मुलीला त्यातलं काही मिळणार नाही. आणि समोरच्याला भरपाई कंपनीने दिली तरी कोर्ट बऱ्याचदा ती मालकाकडून वसूल करायची मुभा देतं. म्हणजे रावेतच्या फ्लॅटचे हप्ते चालू असताना वर कुणाच्या तरी आयुष्याची भरपाई.

ऑनसाईटचं विचारलंस. अमेरिकेच्या व्हिसाच्या डीएस-१६० फॉर्ममध्ये कधी अटक किंवा शिक्षा झाली होती का असा सरळ प्रश्न असतो. तिथे खोटं लिहिलं तर ती गोष्ट दारूच्या केसपेक्षा मोठी होऊन बसते. खरं लिहिलं तर एका केसवरून दार बंदच होतं असं नाही, पण जादा मेडिकल तपासणीला पाठवू शकतात, वेळ जातो. कोर्टाचे सगळे कागद, दंडाची पावती, ऑर्डरची कॉपी फाइलला लावून ठेव आणि फॉर्म भरायच्या आधी वकिलाशी बोला.

आता सगळ्यात अवघड, त्याच्याशी बोलायचं कसं. मला वाटतं आत्तापर्यंत तुझं बोलणं चुकीच्या वेळेला होतंय, तो रात्री दारात उभा आहे, तू घाबरून जागी आहेस, आणि तिथून सुरुवात होते. त्या वेळी त्याच्या डोक्यात काही शिरत नाही आणि सकाळी त्याला फक्त तुझा आवाज चढला होता एवढंच आठवतं. मंगळवार-बुधवारी संध्याकाळी बोल, चहा झाल्यावर, सासूबाई आणि मुलगी नसताना. “तू दारू सोड” हे त्या दिवशी बोलू नकोस. तो विषय आहे पण वेगळा आहे, दोन्ही एकत्र केले की तो दारूवर वाद घालत बसेल आणि गाडीचं राहून जाईल. फक्त चावीचं बोल. शनिवारी जाताना गाडी घेऊन जायचीच नाही, जाताना कॅब येताना कॅब, कारण पहिला पेग पोटात गेल्यावर “आज मी चालवण्यासारखा आहे का” हा प्रश्न ज्या डोक्याला विचारायचा तेच डोकं प्यायलेलं असतं. ठरवायचं ते संध्याकाळी सहाला, घरी, शूज घालायच्या आधी. बाणेर ते रावेत कॅबचे रात्रीचे चारशे काय सहाशे काय लागू दे, घरखर्चात शनिवारची कॅब अशी वेगळी ओळच लिही. “जो सगळ्यात कमी प्यायलाय तो चालवेल” हे चालणार नाही, एक जण अजिबात न पिणारा असेल तरच. कॅब मिळाली नाही तर मित्राकडे झोपायचं, किंवा तुला फोन करायचा, आणि तू त्याला शब्द दे की फोन केलास तर त्या रात्री मी एक अक्षर बोलणार नाही. आणि तो शब्द पाळ, मनातून किती संताप आला तरी.

तुझी बाजूही तेव्हाच सांगून टाक. मी आणि मुलगी तुझ्या त्या गाडीत बसणार नाही. ऑफिसला “ताप आहे” असे फोन मी करणार नाही. लायसन्स परत येईपर्यंत ॲक्टिव्हाची चावी मिळणार नाही. अबोला धरेल, धरू दे. चार दिवसांचा अबोला आपण सोसू शकतो.

सासूबाईंना मी दोष देणार नाही, त्यांच्या काळात चांगला नवरा मोजायची पट्टीच तेवढी होती, मारत नाही म्हणजे चांगला. त्यांना कायद्याची कलमं सांगू नकोस, त्यांना फक्त रविवारी सकाळचं सांग, नात पुढे उभी असते आणि तेव्हाही त्याच्या अंगात दारू असते. मला वाटतं त्या ऐकतील. दिराला पण धर, त्या रविवारी गाडी आणायला तोच गेला होता ना, त्याने काय बघितलं ते तोच भावाला सांगू शकतो.

आणि बोलूनही त्याला एकही शनिवार न पिता काढता आला नाही, किंवा शनिवारचा शुक्रवार-शनिवार व्हायला लागला, तर मात्र हा नुसता गाडीचा प्रश्न राहिलेला नाही. तुमच्या पुण्यातच मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, १९८६ पासून हेच काम करतायत, त्यांच्याशी बोलायला तो तयार नसेल तर तू एकटी जाऊन बोल. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉनच्या मीटिंगा असतात, तिथे तुझ्यासारख्याच बायका बसलेल्या दिसतील, आणि त्यांच्यातली एकही तुला म्हणणार नाही की तू जास्त करतीयेस.

आज रात्री फक्त ॲक्टिव्हाची दुसरी चावी शोध, बहुतेक तुझ्या कपाटातल्या त्या गाडीच्या कागदांच्या पाकिटातच असेल. आणि कोर्टाची तारीख झाली की मला लिही, काय झालं ते मला कळायला हवंय.